खारूचा कायदा

आईने मायक्रोफोन तोंडाजवळ ओढला आणि समोरचा कागद पालथा घातला. पहिल्यांदा बोलायला उभी राहिली तेव्हा तिने सगळं लिहून आणलं होतं, आणि दुसऱ्याच ओळीला अक्षरं डोळ्यांतल्या पाण्यात विरघळून गेली होती. आता कागद लागत नव्हता. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, कोणत्या शब्दाला समोरची माणसं मोबाइलवरून नजर उचलतात, हे सगळं तिच्या अंगवळणी पडलं होतं.

"माझे मिस्टर गेले तेव्हा मुलगी चौदा वर्षांची होती," ती म्हणाली. "सकाळी कामावर गेले ते परत आलेच नाहीत. त्यानंतर काही दिवसांनी ती झोपेत अंथरूण ओलं करायला लागली."

अर्धवर्तुळाकार टेबलाच्या टोकाला बसलेल्या सदस्याने मोबाइल खाली ठेवला.

"मला पत्ताच नव्हता. पहाटे उठून चादर ती स्वतःच धुवायची. विचारलं तर म्हणायची, सवय लावून घेतेय. मला वाटायचं, बाप गेल्यावर पोर शहाणी झाली. चारचौघांत मी तिचं कौतुक करत होते."

इथे ती थांबायची. आजही थांबली.

"शेवटी तिने ते शाळेतल्या समुपदेशक बाईंना सांगितलं. बाईंनी ते शाळेच्या संगणकात टिपून ठेवलं, कारण शाळेचा तसा नियम होता. त्या संगणकात चोर शिरले. शाळेने पैसे दिले नाहीत, म्हणून त्यांनी सगळ्या मुलांच्या नोंदी इंटरनेटवर उघड्या टाकल्या. त्याच आठवड्यात माझ्या मुलीच्या बाकावर कोणीतरी तान्ह्या बाळाचे डायपर आणून ठेवले. चांगले रांगेने मांडून."

समितीच्या अध्यक्षांनी चष्मा काढला आणि रुमालाने पुसायला घेतला. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासण्यात आईची निम्मी हयात गेली होती. या माणसाचा नंबर बदललाय आणि तो दुखणं अंगावर काढतोय, हे तिला पहिल्या बैठकीतच कळलं होतं. चष्मा पुसून झाला तरी त्यांनी तो लगेच घातला नाही.

"एक विचारू?" उजव्या हाताला बसलेल्या एका सदस्य बाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात खोच नव्हती. "तिने हे तुम्हाला का नाही सांगितलं? घरात तर तुम्ही दोघीच होतात."

आईने पाण्याचा पेला उचलला. घोट घेतला. पेला पुन्हा होता तिथेच नीट ठेवला.

"मी आधीच खचलेली होते," ती म्हणाली. "तिला मला आणखी त्रास द्यायचा नव्हता. तशीच आहे ती. सगळं आपल्या पोटात ठेवेल, पण दुसऱ्याला..."

वाक्य तिने तिथेच सोडलं. टेबलाभोवतीच्या माना हलल्या. कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याचा लाल दिवा मघापासून तसाच चालू होता. समितीचं कामकाज लोकांना घरबसल्या पाहता यावं म्हणून ते विधिमंडळाच्या संकेतस्थळावर जात असे.

बाहेर व्हरांड्यात विधेयक मांडणाऱ्या बाईंनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. बाई पूर्वी एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि व्हरांड्यातही मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात बोलायच्या.

"आज तुम्ही मैदान मारलंत. किती शाळांवर हल्ले झाले, किती मुलांची माहिती गेली, असे आकडे देऊन देऊन माझा घसा बसला. कोणी ढिम्म हललं नाही. त्या एका डायपरने काम केलं बघा."

आईला ते टोचलं. पण टोचलं त्याहून जास्त सुखावून गेलं, आणि ते तिने स्वतःशीसुद्धा मान्य केलं नाही.

या सगळ्याची सुरुवात एका निरोपाने झाली होती. 'तांत्रिक अडचणीमुळे शाळेची संगणक यंत्रणा तात्पुरती बंद आहे,' एवढाच तो निरोप. पालकांनी तो वाचला आणि विसरून गेले. पुढच्या आठवड्यात लेकीच्या, खारूच्या, वर्गातल्या एका मुलीच्या आईचा फोन आला. फार गोड, फार काळजीचा आवाज. 'तुमच्या लेकीला बरं नसतं असं कळलं हो,' असं म्हणत तिने हळूहळू सगळं सांगितलं, कारण तिच्या मुलीच्या मोबाइलवर ते सगळं आलेलं होतं. खारू तेव्हा आतल्या खोलीत दार लावून बसली होती. आईने त्या दाराबाहेर बसून पुष्कळ समजूत घातली. दार उघडलं नाही.

आई शाळेत जाऊन भांडली. मुख्याध्यापक म्हणाले, "आम्हीही याचे बळीच आहोत हो." पोलीस म्हणाले, चोर कुठल्या देशात बसलेत तेच कळत नाही, पकडणार कोणाला? शाळेने एक चौकशी केली आणि तिच्यात समुपदेशक बाईंना कामावरून काढलं. ज्या खोलीत मुलं येऊन रडायची तिला कुलूप लागलं. बाकी कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही.

खारूने त्या शाळेत पुन्हा पाऊल टाकलं नाही. मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, दुसऱ्या गावी राहायची. ती आली, खारूची एक बॅग भरली आणि तिला आपल्याकडे घेऊन गेली. घर एकदम मोठं झालं. आईला राग ठेवायला जागा सापडेना.

जागा दुकानात सापडली. डोळे तपासायला आलेला माणूस यंत्रावर हनुवटी टेकवून बसला की त्याला उठून जाता येत नाही. आई भिंगं बदलत बोलायची. "हे स्पष्ट की मघाचं? मघाचं? बरं. माझ्या मुलीच्या शाळेत काय झालं, सांगते तुम्हाला." लोक ऐकायचे. काही बायका रडायच्या. दुकानाचा मालक एकदा हळूच म्हणाला की अशा वेळी नंबर चुकीचा निघतो, डोळ्यांत पाणी असलं की. तरी त्याने तिला अडवलं नाही. त्या खुर्चीत एकदा त्या मुख्याध्यापिका बाई येऊन बसल्या. त्या तेव्हा नुकत्याच निवडून आल्या होत्या आणि त्यांना एखादं ठोस काम हवं होतं. उठताना त्या म्हणाल्या, "हे तुम्ही या एका खुर्चीपुढे नका सांगू. सगळ्यांपुढे सांगा."

तिथून पुढे विधेयक उभं राहिलं. पत्रकार आले. मुलीचं खरं नाव छापायला बंदी होती, तिची ओळख लपवायची म्हणून. पण पालकांच्या पहिल्याच सभेत आईच्या तोंडून निघून गेलं होतं, "माझी खारू." ते नाव तिच्या बाबांनी ठेवलेलं. लहानपणी ती बिस्किटाचे तुकडे गालांत साठवून घरभर फिरायची, म्हणून खारू. घराच्या उंबऱ्याबाहेर ते नाव कोणाला माहीत नव्हतं. वर्तमानपत्रांना ते फार आवडलं. लहान, गोड, मथळ्यात मावणारं. 'खारूला न्याय केव्हा?' असं छापून आलं, आणि पाठोपाठ सगळेच 'खारूचा कायदा' म्हणायला लागले.

मावशीकडे फोन केला की बोलणं लवकर संपायचं.

"कशी आहेस?"

"बरी."

"जेवलीस?"

"हो."

एकदाच खारू आपणहून बोलली होती. "आई, आता पुरे कर ना."

"अगं, तुझ्यासाठीच तर चाललंय हे सगळं."

"माझ्यासाठी नको करूस."

"बरं, तुझ्यासाठी नाही. उद्या दुसऱ्या कोणाच्या पोरीवर ही वेळ येईल, तिच्यासाठी."

खारूने फोन मावशीच्या हातात दिला. तिला पटलं, असं आईला वाटलं.

विधेयकावरच्या मतदानाच्या थोडं आधी बाईंचा फोन आला. आई एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या चष्म्याच्या काड्या वाकवून कानावर नीट बसवत होती. फोन तिने खांद्यावर मान वाकवून धरला.

"ऐका, एक भानगड झालीय," बाई म्हणाल्या. "तुमची साक्ष संकेतस्थळावरून आणि इतिवृत्तातून काढून टाकावी, असा अर्ज आलाय सचिवालयात. अशा वेळी साक्षीदाराचं मत विचारतात."

"कोणाचा अर्ज?"

"नाव गुप्त ठेवतात. पण शाळा चालवणाऱ्यांच्या संघटनेशिवाय कोण असणार? मतदान तोंडावर आलंय, त्यांच्या पायाखालची वाळू सरकतेय."

"माझी हरकत आहे, म्हणावं. एक अक्षरही काढायचं नाही."

"मला माहीतच होतं. तसं लेखी कळवते, तुम्ही फक्त सही करा."

फोन ठेवल्यावर तिने ते म्हाताऱ्या गृहस्थांना सांगितलं, मालकाला सांगितलं, फ्रेम बघायला आलेल्या जोडप्यालाही सांगितलं. सगळे म्हणाले, बरोबर केलंत. संध्याकाळी तिने जाऊन सही केली.

विधेयक मंजूर झालं त्या दिवशी आई प्रेक्षक गॅलरीत पहिल्या रांगेत होती. शेजारची खुर्ची खारूसाठी राखून ठेवली होती. त्या खुर्चीवर तिने आपली पर्स ठेवली.

मंजूर होईपर्यंत विधेयकाची बरीच काटछाट झाली होती. शाळांनी मुलांच्या नोंदी कडेकोट ठेवल्याच पाहिजेत, असं जिथे होतं तिथे आता 'शक्य असेल तेथे' आलं होतं. हलगर्जी करणाऱ्या शाळेला शिक्षा, हे कलम संघटनेने हाणून पाडलं होतं. चोरांना मात्र जबर शिक्षा होती; सापडले तर. प्रत्येक शाळेत दरवर्षी शिक्षकांना आणि मोठ्या मुलांना या विषयाचं प्रशिक्षण द्यायचं, एवढं एक कलम सहीसलामत राहिलं. ते राहावं म्हणून आई शेवटपर्यंत हटून बसली होती. लोकांना कळायला हवं, असं तिचं म्हणणं होतं. एकदा कळलं की कोणी डायपर ठेवणार नाही.

"दात काढून घेतले हो," बाई तिच्या कानात म्हणाल्या. "पण जबडा तरी राहिला. दात पुढच्या वेळी बसवू."

खाली सभागृहात बाकं वाजत होती. कोणीतरी आपल्या भाषणात खारूला शूर म्हणालं. आईने वरून हात जोडले.

त्या रविवारी ती बस पकडून मावशीकडे गेली. कायद्याची छापील प्रत, पहिल्या पानावर बाईंची सही, अशी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून तिने मांडीवर धरली होती. दार मावशीने उघडलं. ती 'ये' म्हणाली, पण ते म्हणायला तिला वेळ लागला.

खारू जमिनीवर बसून मोजणीची लांब फीत गुंडाळत होती. जमीन मोजणीच्या अभ्यासक्रमाला तिने नाव घातलंय, एवढं आईला मावशीकडून कळलं होतं. फितीला चिखल लागला होता. खारू ओल्या फडक्याने थोडी पुसायची, थोडी गुंडाळायची. केस तिने आखूड कापले होते. कपाळ अगदी बाबांसारखं दिसत होतं.

"झाला बघ," आई म्हणाली. "तुझ्या नावाचा कायदा."

खारूने फोल्डरकडे पाहिलं. "ठेव तिथे."

आईने तो टेबलावर ठेवला, मग जरा सरळ केला. "अभ्यास कसा चाललाय?"

"सोडला. ही फीत परत करायची आहे."

"सोडला? अगं, आत्ता कुठे..." आईने बहिणीकडे पाहिलं.

मावशी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "तिच्या वर्गातली एक मुलगी घरी आली होती," ती म्हणाली. "चांगली होती गं पोर. मी आतून हाक मारली, खारू, कोण आलंय बघ. ती मुलगी दारातच थबकली. म्हणाली, खारू? म्हणजे ती कायद्यातली? दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाने तुझी साक्ष पाहिली होती." मावशीने पदराने हात पुसले, ते कोरडेच होते. "माझंच चुकलं. सवयीने निघून गेलं तोंडातून."

"तुझं नाही चुकलं, मावशी," खारू म्हणाली.



"चोरांची साइट बंद झाली होती, आई," खारू फितीकडे बघत बोलायला लागली. "मी रोज बघायचे, आहे की गेली. एक दिवस उघडलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग मी मावशीला म्हटलं, आता कुठेतरी नाव घालूया. तुझी साक्ष मात्र उघडते. कधीही, कुठेही. आवाजसुद्धा स्वच्छ आहे."

"खारू, अगं मी..."

"मी अर्ज केला होता. अठरा पूर्ण झाली की करता येतो, म्हणून थांबले होते. उत्तर आलं, साक्षीदाराची हरकत आहे."

 मावशीने खुर्ची पुढे केली, पण आई बसली नाही.

"मला वाटलं, संघटनेवाल्यांचा अर्ज आहे. बाई तसं म्हणाल्या. मला कसं कळणार तुझा आहे ते? तू मला आधी सांगितलं असतंस तर..."

खारूचे हात थांबले.

"तुला सांगितलं असतं तर," ती म्हणाली. तिने ते वेडावून म्हटलं नव्हतं. शब्द नुसते उचलून पाहिल्यासारखे म्हटले. "त्या समितीतल्या बाईंनी तुला विचारलं होतं, मुलीने आईला का नाही सांगितलं. तू म्हणालीस, तिला मला त्रास द्यायचा नव्हता."

आईने टेबलावरचा फोल्डर पुन्हा सरळ केला.

"माझी नोंद तू वाचलीस ना? शाळेत भांडायला गेलीस तेव्हा छापून पर्समध्ये नेली होतीस. पहिलंच वाक्य आहे. 'माझ्या आईच्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.' बाकीचं सगळं तू सांगितलंस. चादरीचं सांगितलंस, डॉक्टरांच्या गोळ्यांचं सांगितलंस, डायपर रांगेने मांडले होते तेसुद्धा. पाठ आहे तुला. तेवढं एक वाक्य दर वेळी गाळलंस."

आवाज तिने जराही चढवला नाही. मोजून आणलेला आकडा लिहून घेणाऱ्याला सांगावा, तशी ती बोलली. मावशी खिडकीबाहेर बघत होती.

"ते सांगून लोकांना काय वाटलं असतं माझ्याबद्दल?" आई म्हणाली.

ते तिच्या तोंडून निघालं आणि खोलीतल्या तिघींनी ते ऐकलं.

"हो ना," खारू म्हणाली, आणि तिने फीत पुन्हा गुंडाळायला घेतली.

आई थोड्या वेळाने निघाली. मावशी तिला थांब्यापर्यंत सोडायला आली. दोघी बहिणी बस येईपर्यंत रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी तिने दुकानातून रजा घेतली आणि ती सचिवालयाच्या नोंद विभागात गेली. लांबलचक खोली, लोखंडी कपाटं, खिडकीशी एकच टेबल. टेबलामागच्या अधिकाऱ्याने तिला ओळखलं आणि तो उठून उभा राहिला.

"बसा ना. तुमची साक्ष आम्ही घरी सगळ्यांनी पाहिली. आमच्या हिला दोन घास गेले नाहीत त्या दिवशी."

"ती काढायची आहे," आई म्हणाली.

"काय काढायचंय?"

"माझी साक्ष. मी हरकत घेतली होती, ती मागे घेते. कुठे सही करू?"

अधिकाऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग संगणकाकडे, मग पुन्हा तिच्याकडे. तो भला माणूस होता. असं काही सांगायची वेळ त्याच्यावर फारशी येत नसावी.

"विधेयक चर्चेत होतं तोवर काढता आली असती," तो म्हणाला. "आता मंजूर झालं. कायदा का केला, कशावरून केला, त्याचं इतिवृत्त कायम राहतं. उद्या न्यायालयाला अर्थ लावायचा झाला तर तेच बघतात. त्याला कोणालाच हात लावता येत नाही. अध्यक्षांनाही नाही."

"निदान ते चित्रीकरण? इंटरनेटवरचं?"

अधिकारी घुटमळला. मग त्याने पडदा तिच्याकडे वळवला. पडद्यावर ती होती, पालथ्या घातलेल्या कागदावर हात ठेवलेली, तोंड किंचित उघडं.

"प्रशिक्षणाचा पहिला धडा," तो म्हणाला. "कलमात आहे ना, दरवर्षी प्रत्येक शाळेत. पुढच्या महिन्यापासून सुरू होतंय. तुम्हीच आग्रह धरला होता, चर्चेत तुमचा उल्लेखही आहे." तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने घाईने पुढे जोडलं, "मुलीची ओळख कुठेही उघड केलेली नाही हं. त्याची पुरेपूर काळजी घेतलीय. नाव नाही, गाव नाही, शाळा नाही. फक्त खारू."

आई पडद्यावरच्या स्वतःकडे बघत राहिली. खांद्यावरच्या पदराची निरी नीट बसली नव्हती, हे तिला आत्ता दिसलं.

"एक करता येतं," तिला काहीतरी देता यावं म्हणून अधिकारी म्हणाला. "साक्षीदाराचं काही सांगायचं राहून गेलं असेल तर पुरवणी जोडता येते. काढता येत नाही, पण भर घालता येते. राहिलंय का काही?"

त्याने कोरा कागद आणि पेन तिच्यासमोर सरकवलं. आईने पेन घेतलं. टोपण काढलं. राहिलेलं वाक्य तिला पाठ होतं, एकही शब्द इकडचा तिकडे न होता. पण तेही खारूनेच कोणाला तरी विश्वासाने सांगितलेलं होतं.

तिने टोपण लावून पेन परत दिलं.

"नाही," ती म्हणाली. "काही नाही."

ती पायऱ्यांवर आली तेव्हा पर्समध्ये फोन वाजत होता. मावशीचा होता.

"ताई, ती गेली गं सकाळी," मावशीचा आवाज भरून आला होता. "मोजणी करणाऱ्या एका टोळीत काम मिळालंय. राहायची सोय तेच करतात. फोनचा नंबरही बदलणार आहे. तुला सांगू नको म्हणाली, कुठे ते. माझ्याकडून वचन घेतलंय."

आई पायरीवरच थांबली.

"पण मला राहवत नाही," मावशी म्हणाली. "तू आई आहेस तिची. उद्या काही झालं, दुखलं खुपलं, तर तुला ठाऊक असायला नको? मी सांगितलं म्हणून कधी बोलू नकोस, म्हणजे झालं. ऐक, ती..."

"थांब," आई म्हणाली.

"अगं पण..."

"मला सांगू नकोस."



"ताई?"

"कधीच सांगू नकोस. मी विचारलं तरी. रडून विचारलं तरी."

 मावशीच्या श्वासाचा आवाज काही वेळ येत राहिला आणि मग फोन बंद झाला. पायऱ्या चढून वर येणारी एक बाई आईला ओळखून थांबली होती. तिच्या चेहऱ्यावर ते ओळखीचं, हळवं हसू होतं, आणि आता ती मुलीची चौकशी करणार हे दिसत होतं. आईने बंद झालेला फोन तसाच कानाला धरून ठेवला, ऐकत असल्यासारखी मान हलवली आणि ती त्या बाईच्या बाजूने खाली उतरून गेली.